लेप, भाकस आणि तळाचा चिखल

मासळी बाजारात पाटीत पडलेली लेप वरून तपकिरी आणि खालून पांढरी दिसते. साहजिकच वाटतं, वर पाठ आहे आणि खाली पोट. पण ती तपकिरी बाजू म्हणजे लेपेची डावी कूस आणि पांढरी म्हणजे उजवी. तिची खरी पाठ आणि खरं पोट दोन्ही कडांना आहेत, जिथे लांबच लांब पर लागलेले दिसतात. मोठी झालेली लेप जन्मभर उजव्या कुशीवर पडून राहते, आणि तिच्या शरीराच्या बहुतेक सगळ्या खोडी या एका गोष्टीतून निघतात.

खात्री करायची असेल तर कल्ले बघा. लेपेच्या कल्ल्यांची एक फट तपकिरी बाजूला असते आणि दुसरी पांढऱ्या बाजूला, म्हणजे कुठल्याही माशासारखी डावी-उजवीकडे. पाकट उलटून पाहिलं तर तोंड आणि कल्ल्यांच्या फटी दोन्ही खालच्या अंगाला सापडतात, कारण पाकट वरून खाली दाबलं गेलेलं आहे आणि ते खरोखरच पोटावर बसतं. पापलेट दोन्ही कुशींनी दाबलेलं असतं, पण पोहतं उभं. लेप पापलेटाप्रमाणे कुशींनीच दाबलेली, फक्त आडवी झालेली. अशा आडव्या, चपट्या माशांच्या गटाला शास्त्रात प्ल्युरोनेक्टिफॉर्मिस म्हणतात आणि जगभरात त्याच्या ७००हून जास्त जाती आहेत.

कोकणात कोण कोण सापडतं

आपल्याकडे जाळ्यात सर्वांत जास्त येते ती लेप. कुठे तिला लेपटी म्हणतात, मालवणापासून गोव्यापर्यंत लेपो. ही सगळी सायनोग्लॉसस या प्रजातीतली मंडळी. त्यातली सायनोग्लॉसस अरेल ४० सेंटीमीटरपर्यंत वाढते, तर मलबार सोल म्हणून ओळखली जाणारी सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस जेमतेम वीतभर होते. मलबार सोलचं खरं राज्य केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर. पावसाळा संपता संपता तिचे थवेच्या थवे तिथे लागतात.

दुसरा भाकस, म्हणजे इंडियन हॅलिबट. जाड, मोठा, दातांचा, अर्धा मीटर सहज ओलांडणारा. तिसरे फ्लाउंडर, स्यूडोऱ्हॉम्बस प्रजातीतले, रुंद आणि अंगावर गोल डाग असलेले. चौथे खरे सोल, ज्यांच्यात झेब्रियाससारखे आडव्या पट्ट्यांचे मासेही येतात. या शेवटच्या दोघांना बाजारात स्वतंत्र नाव क्वचितच मिळतं. ते लेपेच्या वाट्यात मिसळून जातात, आणि त्यामुळे किनाऱ्यावर नक्की कोणती जात किती उतरते याची नोंदही पुसट राहते.

ओळखायचं कसं? मासा डोळ्यांची बाजू आपल्याकडे आणि पोटाची कड खाली, असा धरा. पोटाची कड लेपेत लगेच कळते: तोंडाची फट वाकडी होऊन त्याच कडेकडे वळलेली असते आणि नाकाडाचं टोक तिच्यावर आकड्यासारखं झुकलेलं असतं. आता डोकं आपल्या डाव्या हाताला आलं तर मासा डावखुरा, म्हणजे दोन्ही डोळे डाव्या कुशीवर. लेप आणि स्यूडोऱ्हॉम्बस डावखुरे, खरे सोल उजवे. पुढे शेपटी बघा. लेपेत पाठीचा पर, शेपटी आणि पोटाकडचा पर एकच अखंड पट्टी होऊन टोकाशी निमुळते होतात आणि कल्ल्यामागे पर नसतोच. फ्लाउंडरची शेपटी वेगळी, पंख्यासारखी उठून दिसते.

भाकस या हिशोबात बसत नाही आणि म्हणूनच तो सगळ्यांत अभ्यासण्याजोगा आहे. काही भाकसांचे डोळे डावीकडे असतात, काहींचे उजवीकडे, साधारण निम्मे-निम्मे. बाकी चपट्या माशांत पाठीचा पर थेट डोक्यावरून, डोळ्याच्या आसपास सुरू होतो. भाकसाचा पर डोक्याच्या मागून सुरू होतो आणि त्याचे पहिले काही काटे खरोखर टणक असतात. सरकलेला डोळा पूर्ण पलीकडे न जाता डोक्याच्या वरच्या कडेवरच थांबतो. जबडा मोठा, दात अणकुचीदार. हा मासा पुष्कळदा उभा पोहतो आणि लहान माशांचा पाठलाग करतो. तळावर झोपण्याची सवय लागली आहे, पण शरीर अजून पुरतं आडवं झालेलं नाही, अशी त्याची अवस्था.

डोळा सरकतो म्हणजे काय होतं

लेपेची अंडी तळाला चिकटत नाहीत, पाण्यात तरंगतात. आकाराने एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. त्यातून निघणारं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं, पारदर्शक आणि अगदी सरळसोट असतं: एक डोळा इकडे, एक तिकडे, पोहणं उभं. सायनोग्लॉससच्या पिल्लाला डोक्यावर पराचे दोन लांब काटे तुऱ्यासारखे वर आलेले असतात. प्रवाह नेईल तिकडे ते जातं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव खातं. हे पिल्लू लेपेचं आहे हे नवख्याला सांगूनही पटणार नाही.

पिल्लू साधारण सेंटीमीटरभर झालं की त्याच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं. बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडते तीही याच संप्रेरकामुळे. जपानमध्ये १९८०च्या दशकात फ्लाउंडरच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं. पाण्यात थायरॉइड दाबणारं थायोयुरिया घातलं तर पिल्लं वाढत राहिली पण रूपांतर झालं नाही, आणि संप्रेरक बाहेरून दिलं तर वेळेआधीच झालं. म्हणजे डोळा सरकणं हा तळाच्या स्पर्शाचा किंवा डोकं वळवण्याच्या सवयीचा परिणाम नाही. तो आतून सुटणारा हुकूम आहे.

हुकूम सुटला की डोळ्याच्या वर असलेली कूर्चेची पट्टी विरघळते. कवटी अजून हाडाची झालेली नसते म्हणून हे जमतं. रिकाम्या झालेल्या जागेतून उजवा डोळा डोक्याच्या कडेवरून चढतो आणि डाव्या डोळ्याशेजारी येऊन बसतो. कवटीची हाडं नंतर या नव्या जागेभोवती पक्की होतात, म्हणून मोठ्या लेपेची कवटी पिळलेली दिसते. सायनोग्लॉससमध्ये आणखी एक कसब आहे: पाठीच्या पराचं पुढचं टोक मांसल चोचीसारखं पुढे वाढतं आणि डोळा त्या चोचीच्या खालच्या फटीतून पलीकडे जातो. नंतर चोच डोक्याला जुळते आणि नाकाडाचा तो आकडा तयार होतो.

याच काळात पिल्लू तिरकं पोहायला लागतं, डोळ्यांच्या बाजूवर रंगपेशी दाट होतात, दुसऱ्या बाजूच्या विरळ होतात, आणि ते तळावर उतरतं. काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत हे आटोपतं. पिल्लांच्या आयुष्यातला हा सर्वांत नाजूक टप्पा, कारण एका जगातलं खाणं सुटलेलं असतं आणि दुसऱ्या जगातलं अजून जमलेलं नसतं.

डोळा सरकला तरी आतला कान जागचा हलत नाही. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका शरीरासोबत ९० अंशांनी कलंडतात, डोळे मात्र आता वर बघतात. कानाकडून आलेली "डोकं डावीकडे वळलं" ही खबर जुन्याच तारांनी डोळ्यांच्या जुन्याच स्नायूंना गेली, तर डोळे भलत्याच दिशेला फिरतील. फ्लाउंडरच्या मेंदूवर १९८०च्या दशकात झालेल्या कामातून दिसलं की रूपांतराच्या वेळी या चेताजोडण्या नव्याने बांधल्या जातात: एका जोडीच्या स्नायूंना जाणारा आदेश दुसऱ्या जोडीला जाऊ लागतो. डोळा सरकणं सगळ्यांना दिसतं. त्यामागे मेंदूत झालेली ही उलथापालथ आम्हाला त्याहून मोठी वाटते.

एकोणिसाव्या शतकात या डोळ्यावरून मोठा वाद झाला. १८७१ साली प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी डार्विनना विचारलं की अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय, आणि उपयोग नसेल तर तो पिढ्यानपिढ्या टिकला कसा? २००८ साली जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या अँफिस्टियम आणि हेटरोनेक्टिस या माशांच्या दगड झालेल्या कवट्या तपासल्या. पूर्ण वाढलेले मासे, आणि एक डोळा डोक्याच्या कडेकडे चढलेला पण पलीकडे न पोचलेला. अर्ध्या वाटेवरचा डोळा खरोखर होता आणि त्या माशांचं त्यावर चाललं होतं. त्या मानाने जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे आपल्या बाजारातला भाकस.

हे रूपांतर चुकतंही, आणि चुकल्याचे नमुने मत्स्यबीज केंद्रांत भरपूर मिळतात. पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात स्निग्ध आम्लांचं प्रमाण बिघडलं, डीएचए हे आम्ल कमी पडलं किंवा अ‍ॅराकिडोनिक आम्ल जास्त झालं, तर डोळ्यांच्या बाजूला रंगच येत नाही आणि मासा दोन्हीकडून पांढरा राहतो. कधी उलट होतं: दोन्ही बाजू तपकिरी, आणि त्यासोबत डोळा कडेवर अडकलेला, पाठीचा पर आकड्यासारखा वळलेला. समुद्रातल्या जाळ्यातही क्वचित पांढऱ्या बाजूवर तपकिरी चट्टे असलेली लेप येते. तो रोग नाही, रूपांतरातली चूक आहे. खायला हरकत नाही.

झोपून जगण्याची सोय

पूर्ण वाढलेल्या चपट्या माशांना हवेची पिशवी नसते. बाकी बहुतेक मासे या पिशवीने पाण्यात तरंगून राहतात. लेपेला तरंगायचंच नाही. पोहणं थांबवलं की ती आपोआप खाली बसते. पुढे जाताना ती शरीर वर-खाली लहरवते, आणि हळू सरकायचं असेल तर कडेच्या परांचे काटे एकामागून एक टेकवत चालते.

पुरून घेण्याची क्रिया काही सेकंदांची. मासा डोकं टेकवून अंग जोरात हलवतो, खालचं पाणी आणि वाळू उसळते, आणि ती वाळू त्याच्यावर येऊन बसते. वर फक्त डोळे आणि तोंडाचा थोडा भाग. इथे वाळूच्या दाण्याचा आकार निर्णायक ठरतो. लहान पिल्लाच्या अंगात जाड वाळू उचलण्याचं बळ नसतं, त्यामुळे ते बारीक वाळू किंवा चिखलच निवडतं. मोठा मासा जाड दाण्यांतही पुरून घेऊ शकतो. गोट्यांच्या तळावर कोणालाच जमत नाही. म्हणून नांगर किंवा दोराला बांधलेल्या वजनाबरोबर तळाचा जो नमुना वर येतो तो बोटांत चोळून पाहिला, तर खाली कोण असेल याचा बराच अंदाज येतो: चिकट आणि गुळगुळीत लागला तर लेप, कणीदार लागला तर फ्लाउंडर आणि पट्ट्यांचे सोल.

रंग बदलण्यात फ्लाउंडर लेपेच्या फार पुढे आहेत. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली बोथस ओसेलाटस या अटलांटिकमधल्या फ्लाउंडरला वेगवेगळ्या नक्षीच्या फरशांवर ठेवून पाहिलं. दोन ते आठ सेकंदांत त्याची त्वचा खालच्या नक्षीशी जुळू लागली, अगदी बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्यांशीही. हे काम डोळ्यांच्या जोरावर चालतं. मासा सभोवतालचा तळ बघतो, मेंदू ठरवतो, आणि चेतातंतू रंगपेशींमधले रंगकण पसरवतात किंवा गोळा करतात. लेप मात्र गढूळ पाण्यात राहते, जिथे नक्षी दिसणारच नाही. तिचा तपकिरी रंग साधारण एकच राहतो आणि तिचे डोळेही अगदी बारीक. तिची मदार वास आणि स्पर्शावर.

खाण्याचंही असंच. लेपेचं तोंड लहान, वाकडं आणि दात बहुतेक पांढऱ्या बाजूच्या जबड्यात, म्हणजे तळाला लागलेल्या बाजूला. ती चिखलातले बहुखंडी कृमी, बारीक कवचधारी जीव आणि सडलेलं सेंद्रिय द्रव्य उचलते. तिच्या पोटात चिखल सापडतो तो यामुळे. फ्लाउंडर आणि भाकस मात्र दबा धरून कोलंबी आणि लहान मासे पकडतात. सोल आणि लेप अंधारात जास्त हिंडतात, दिवसा पुरून बसतात. रात्री जाळं ओढलं की त्या जास्त लागण्याचं हे एक कारण.

कोकणचा तळ

किनाऱ्यावरून बघताना कोकण दोन तुकड्यांत दिसतं. उत्तरेला पालघर, मुंबई, रायगडकडे रुंद दलदली, तिवरं, खाड्यांचे चिखलाळ किनारे. दक्षिणेला रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याचे सडे आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या वाळूच्या पुळणी. भरती-ओहोटीही तशीच. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त चढ-उतार करतं, रत्नागिरीच्या पुढे ते निम्म्यावर येतं. उत्तरेला जास्त पाणी जास्त वेगाने आत-बाहेर होतं, गाळ सतत ढवळत राहतो आणि ओहोटीला चिखलाचे मोठे पट्टे उघडे पडतात.

पाण्याखाली मात्र वाटणी वेगळी आहे, आणि लेप समजायची तर हीच लक्षात ठेवावी. पुळणीच्या पायथ्याची वाळू थोड्या अंतरावर संपते. तिथून साधारण ५० ते ६० मीटर खोलीपर्यंत वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण अशा नद्यांनी आणलेला गाळ पसरलेला आहे. त्याच्याही पलीकडे पुन्हा वाळू लागते, पण ही आजच्या नद्यांची नाही. समुद्राची पातळी खाली होती तेव्हाच्या किनाऱ्यांची ती जुनी, चुनखडीयुक्त वाळू. गुहागर किंवा गणपतीपुळ्याच्या पांढऱ्या पुळणीसमोर ट्रॉलरला, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटीला, चिखलातली लेप का मिळते, याचं उत्तर या मधल्या पट्ट्यात आहे.

वाळूच्या उथळ पट्टीत, किनाऱ्यावरून रापणीचं लांब जाळं ओढतात तिथे, लहान फ्लाउंडर आणि पट्ट्यांचे सोल येतात. मालवणच्या खडकाळ भागात खडकांमधल्या वाळूच्या चौथऱ्यांवरही तेच. मधल्या गाळात लेपेचा जोर. भाकस वाळू-चिखलाच्या मिश्र तळावर, किनाऱ्यापासून १०० मीटर खोलीपर्यंत विखुरलेला, कधीच थव्याने नाही. खाड्यांची भूमिका वेगळी: स्यूडोऱ्हॉम्बस आर्सियससारख्या फ्लाउंडरची पिल्लं आणि काही सोल व लेपा खाडीच्या उथळ, निमखाऱ्या पाण्यात वाढतात. बारीक गाळ, भरपूर कृमी आणि मोठे शिकारी कमी, यापेक्षा चांगलं पाळणाघर त्यांना मिळायचं नाही. खाडीचं तोंड भराव घालून अरुंद केलं किंवा तिवरं तोडली की पाण्याचा ओढा कमी होतो, गाळ बसायची जागा बदलते आणि हे पाळणाघर मोडतं. तळाशी चिकटून राहणाऱ्या माशाला घाणीपासूनही पळ काढता येत नाही, कारण सांडपाण्यातले जड धातू गाळातच बसतात आणि त्या गाळातले कृमी हेच त्याचं जेवण. कारखान्यांचं पाणी सुटतं त्या खाडीतली लेप आम्ही तरी घरी नेणार नाही.

पावसाळ्यात तळावर काय चालतं

जून ते सप्टेंबर या काळात तळावरच्या जीवांवर दोन संकटं दोन दिशांनी येतात. वरून नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ भागातली क्षारता एकदम उतरवतं, आणि चिखलातले पुष्कळ कृमी-कवचधारी मरतात. खालून, म्हणजे खोल समुद्राकडून, थंड आणि प्राणवायू कमी असलेलं पाणी तळाला धरून किनाऱ्याकडे सरकतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर १९९०च्या दशकापासून वर्षानुवर्षं मोजमाप घेतलं आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास तिथल्या तळाजवळचा प्राणवायू जवळपास संपतो. वर गोड्या पाण्याचा हलका थर झाकण घातल्यासारखा बसलेला असतो, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली उतरत नाही.

तळावर राहणाऱ्या माशाला अशा वेळी दोनच वाटा: मरायचं, किंवा लाटांनी पाणी ढवळलं जातं अशा उथळ पट्टीत सरकायचं. लेप सरकते. पावसाळ्याच्या शेवटी ती किनाऱ्याजवळ अचानक दाटीने मिळण्यात या सरकण्याचा मोठा वाटा असतो. तेव्हा "यंदा लेप खूप आहे" असं म्हणण्याआधी थांबावं. मासे वाढलेले नसतात, एका अरुंद पट्टीत कोंडलेले असतात, आणि त्या वेळी त्यांना उपसणं फार सोपं असतं.

या उपासाची खूण माशाच्या अंगावर राहते. १९५०च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ शेषप्पा आणि भीमाचार यांनी कालिकतच्या किनाऱ्यावर मलबार सोलचा अभ्यास केला. खवल्यांवर त्यांना वाढ खुंटल्याच्या कड्या दिसल्या. थंड देशांत अशा कड्या हिवाळ्यात पडतात. इथे त्या पावसाळ्यात पडल्या होत्या, कारण तळावरचं अन्न मेल्यामुळे माशांची उपासमार झाली होती. उष्ण समुद्रातल्या माशांचं वय खवल्यांवरून वाचता येत नाही अशी तेव्हा समजूत होती, आणि हे काम तिला छेद देणारं होतं. खवला भिंगाखाली धरून बारीक रेषा कुठे दाटल्या आहेत ते पाहिलं की माशाने किती पावसाळे काढले हे सांगता येतं. लहान लेपेच्या बाबतीत उत्तर बहुधा एक किंवा दोन येतं. तिचं आयुष्य तेवढंच.

पाऊस ओसरला की चिखलात कृमींची नवी पिढी बसते, लेप पुन्हा खाऊ लागते आणि ऑक्टोबरपासून पुढे मलबार सोलची अंडी घालणं सुरू होतं. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी बऱ्याच माशांच्या विणीला सांभाळते, पण या लेपेची वीण त्या चौकटीबाहेर पडते. बंदीचा फायदा तिला मिळतो तो तळ दोन महिने नांगरला जात नाही यातून.

जाळं आणि त्याचा आस

चपटे मासे जवळपास कोणीच मुद्दाम पकडत नाही. ट्रॉलर कोलंबीसाठी जाळं ओढतो, खालच्या दोराच्या साखळ्या चिखल खरवडतात, पुरलेली लेप दचकून उठते आणि जाळ्यात जाते. उत्तरेच्या डोलीत, म्हणजे प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, बोंबील आणि जवळ्याबरोबर बारीक लेपा येतात. मोठा भाकस कधी गळाला लागतो.

लहान मासे सुटावेत म्हणून महाराष्ट्रात ट्रॉलच्या खोळ्याला, म्हणजे मासे साठतात त्या टोकाच्या पिशवीला, ४० मिलिमीटर चौकोनी आस, म्हणजे भोकं, ठेवण्याचा नियम आहे. ढोमा, राणी माशांसारख्या गोलसर अंगाच्या माशांसाठी तो योग्यच आहे. नेहमीचा तिरका आस ओढताना खाटेची नवार ताणावी तसा लांबट होऊन मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो. पण चपट्या माशाचं गणित उलटं आहे. युरोपातल्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) झालेल्या चाचण्यांत वारंवार दिसलं की फ्लाउंडरसारखे मासे मिटलेल्या तिरक्या आसातून अंग उभं करून निसटतात, चौकोनातून मात्र अडतात. हिशोब सोपा आहे: ४० मिलिमीटर हे ताणून घेतलेलं माप, म्हणजे चौकोनाची बाजू २०, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण २८ मिलिमीटर. बारा-तेरा सेंटीमीटरची लेपही अंगाने तीन सेंटीमीटर रुंद असते. ती जाणार कुठून? नियम काढून टाकावा असं यातून मुळीच निघत नाही. पण लहान लेप वाचवायची तर आसावर विसंबता येणार नाही. खाड्यांच्या तोंडाजवळचा उथळ पट्टा ट्रॉलपासून खरोखर मोकळा ठेवावा लागेल. भाकसाला याची गरज आणखी मोठी आहे. लेप वर्षभरात विणीला येते. उशिरा वाढणारा, विखुरलेला भाकस एकदा कमी झाला की भरून यायला फार वेळ लावतो.

घेताना आणि कापताना

ताज्या लेपेच्या अंगावरचा बुळबुळीतपणा स्वच्छ असतो, पांढरी बाजू खरोखर पांढरी दिसते. ती पिवळसर किंवा कडेला गुलाबी झाली असेल तर मासा जुना. कल्ल्याचं झाकण उचलून लाल रंग बघावा, कारण डोळे इतके बारीक की त्यावरून काही कळत नाही. बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवलं की खरखरीत खवले लागतात, उलट दिशेने लागत नाहीत.

तपकिरी कातडी काढूनच टाकावी. मासा पंधरा-वीस मिनिटं बर्फात ठेवला तर मांस घट्ट राहतं. कोमट माशाची कातडी ओढताना मांसही सोबत येतं. नाकाडाशी कातडीला आडवी चीर द्या, नखाने कोपरा सोडवा, बोटांना जाडं मीठ किंवा राख लावून तो पकडा आणि डोक्याकडून शेपटीकडे ओढा. ओढताना हात वर उचलायचा नाही. कातडी माशाला जवळजवळ टेकून, मागे दुमडून ओढायची आणि दुसऱ्या हाताने मांस दाबून धरायचं. पांढऱ्या बाजूची कातडी पातळ असते, ती खवले खरवडून ठेवली तरी चालते. कडेचे पर कात्रीने कापा.

आतडी अगदी थोडी, डोक्यामागे एवढ्याशा खळग्यात. मादीची गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, मात्र तिथे संपत नाही. ती पोटाच्या कडेने दोन निमुळत्या पट्ट्यांनी शेपटीकडे लांबवर गेलेली असते. पोट साफ केलं म्हणजे गाबोळी निघाली असं समजून तुकडे केले तर ती मधोमध कापली जाते आणि तेलात फुटते. आधी त्या कडेने उभी चीर देऊन ती अख्खी काढून घ्यावी.

मधल्या कण्यातून काटे दोन्ही कडांकडे सरळ जातात, त्यामुळे मोठ्या लेपेचे आणि भाकसाचे चार सलग काप निघतात, दोन वरच्या बाजूचे आणि दोन खालचे. हॉटेलात सोल म्हणून जाड, एकसंध, काटा नसलेला काप आला तर तो बासा हा तळ्यात पाळलेला गोड्या पाण्यातला मासा असण्याची शक्यता धरावी. लेपेचा काप पातळ असतो. मांसात पाणी बरंच असतं. मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पुसून टाका, मगच हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) लावा. तांदळाचं पीठ किंवा रवा तव्यावर टाकायच्या क्षणी लावायचा, आधी लावून ठेवला तर ओला होऊन सुटतो. मध्यम आचेवर एक बाजू तीन-चार मिनिटं होऊ द्या आणि एकदाच उलटा. शेपटीकडचा भाग पातळ असल्याने आधी करपतो, म्हणून तो तव्याच्या कडेला ठेवावा, जिथे आच कमी लागते.